डब्यातली लाल बटणं

त्या मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याला चिकटून, एक शिवणखोली होती आणि तिथल्या शिवणमावशींचं हसणं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. म्हणजे पूर्वी जायचं. गेली दोन वर्षं मावशी ओठ मिटून नाकातून हसत. लोकांना वाटलं, पोक्तपणा आला. पोक्तपणा कसला! मोठ्यानं हसलं की थोडी लघवी व्हायची, एवढीच भानगड होती. पण एवढ्याशा भानगडीपायी सख्खी धाकटी बहीण दुरावली होती.

या दोघी एकत्र आल्या की कशावरही हसत. एकदा न उघडणाऱ्या कुलपावर पाऊण तास हसल्या होत्या. म्हणून मावशी धाकटीला टाळू लागल्या. कधी मशीन बिघडे, कधी गुडघा धरे. धाकटीही चटकन "बरं बरं, राहू दे" म्हणे. फोन ठेवला की मावशी मशीनवर राग काढत आणि उशांचे अभ्रे उगाचच दुहेरी शिवले जात.

अशात एक दिवस तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर एक पट्टा घेऊन खाली आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, विद्वान माणूस. वर डॉक्टरीणबाई, व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओबाई, हा इंजिनिअर आणि एक आकडेवाले गृहस्थ असे चौघं मिळून बायकांच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर संशोधन करत होते. ते ढिले का पडतात, पडू नयेत म्हणून काय करावं, पडलेच तर काय करावं. तळाचे स्नायू आवळताना बाई चुकून पोटच ताणत नाही ना, हे तो पट्टा सांगणार होता.

"बायकांना काचतोय म्हणे," इंजिनिअर म्हणाला.

मावशींनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. "माप कुणाचं घेतलंत?"

"माझंच."

"तुमची बाळंतपणं किती झाली?"

इंजिनिअर प्रामाणिकपणे विचारात पडला.

मावशींनी पट्टा उसवून नव्यानं शिवला आणि स्वतःच वर पोचवला. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्याआधी मावशींकडेच पाहिलं. "हल्ली तुमचं हसणं ऐकू येत नाही, मावशी." पुढची पाच मिनिटं दार लोटलेलं होतं. मावशी खाली आल्या त्या संशोधनाच्या यादीत एकेचाळिसाव्या होऊन.

प्रत्येकीला एक तक्ता मिळाला. खोकताना, हसताना, ओझं उचलताना, किती वेळा गळलं ते रोज लिहायचं. दोन आठवड्यांनी तक्ते जमले, तेव्हा आकडेवाल्या गृहस्थांचा चेहरा उजळला. एकेचाळीसच्या एकेचाळीस जणींनी लिहिलं होतं, 'काही त्रास नाही'.

"उपचार सुरू होण्याआधीच सगळ्या बऱ्या," ते म्हणाले. "असा निकाल मी आयुष्यात पाहिला नाही."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि मावशींना बोलावलं. मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "मीही तेच लिहिलंय. अहो, घरात कागद दिसला की सगळे वाचतात. आमचे हे तर औषधाच्या खोक्यावरचंही मोठ्यानं वाचतात."

"मग करायचं काय?"

मावशींनी पदराच्या टोकाशी थोडा चाळा केला. मग म्हणाल्या, "बटणं कोण वाचतं?"

आणि एकेचाळीस घरांत एकेचाळीस डबे गेले. हसण्याला लाल बटण, खोकल्या-शिंकेला पांढरं, ओझ्याला निळं. घडलं की टाकायचं एक डब्यात. पुढच्या खेपेला डबे असे वाजत आले की आकडेवाल्या गृहस्थांना तीन दिवस नुसती बटणं निवडत बसावं लागलं. इतकी खरी माहिती पाहून ते जरा हळवेच झाले.

फिजिओबाईंनी व्यायाम शिकवायला घेतला. पहिल्या दिवशी मावशींनी श्वास कोंडला, भुवया आवळल्या, जबडा आवळला. जे आवळायचं ते सोडून सगळं आवळलं. मग त्यांना आपली भाषा सापडली. "म्हणजे पिशवीची नाडी ओढून तोंड मिटायचं आणि पिशवी वर उचलायची. हातांनी नाही, आतून." फिजिओबाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. तीन महिने मावशी काज करताना नाडी ओढत राहिल्या. पहिल्या आठवड्यात लाल बटणं सतरा होती. शेवटच्या आठवड्यात दोन.

त्याच आठवड्यात त्यांनी धाकटीला फोन केला. धाकटीनं बरीच टाळाटाळ केली, पण शेवटी शिवणखोलीत आली आणि पाहुण्यासारखी अंग चोरून उभी राहिली.

"रागावलीस का माझ्यावर?" मावशींनी विचारलं.

"मी कशाला? तूच टाळतेस."

मावशींनी खरं काय ते सांगायचं ठरवलं, पण सुरुवात झाली पट्ट्यापासून. इंजिनिअरची बाळंतपणं येताच धाकटीनं पायाला पाय घट्ट लावला आणि चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसली.

"ताई, पुढचं सांगू नकोस."

मावशींची नजर आता तयार झाली होती. "कधीपासून?"

"तुझा गुडघा धरला ना, तेव्हापासून. मला तर बरंच वाटलं, बोलावलं नाहीस ते."

मग दोघींना जे हसू फुटलं ते आधी धुलाईखान्यात, मग जिन्यात आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावर पोचलं.

मावशींच्या डब्यात एक लाल बटण पडलंच, खोटं कशाला बोला. धाकटीसाठी मात्र दुसरा डबा शोधावा लागला. तो सापडतोय तोवर इंजिनिअर दारात येऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी दुसरा आवाज कुणाचा ते विचारायला पाठवलं होतं. येताना त्यानं मापाचा टेप आणला होता. तो मावशींच्या हातात देऊन इंजिनिअर अदबीनं म्हणाला,

"माप तुम्हीच घ्या."