काट्यावरचे दोघे

"माझंच वाढलं असल, सिस्टर. बेकरीवाला हाय मी."

पडद्यापलीकडच्या वजनकाट्यावरून ऐकलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. नांदेडच्या एका दवाखान्यात मी मुलांकडून व्यायाम करून घेते. ते अहमदपूरहून लेकीला, सनाला, कडेवर घेऊन यायचे. जन्मतःच तिच्या पाठीचा मणका उघडा राहिलेला, पायांत जोर नाही. अशा मुलांची हालचाल कमी, त्यामुळे थोडं खाल्लेलंही पोटावर चरबी होऊन बसतं. वजन वाढलं की पायांना आधाराचे कॅलिपर लावून उभं राहणं अवघड होतं. सना नुकतीच उभी राहू लागली होती.

तिचं वजन करायचं म्हणजे आधी बापलेक दोघं काट्यावर, मग बाप एकटा, आणि वजाबाकी. दोघांचा आकडा वाढला की ते दोष स्वतःवर घ्यायचे. मग एकटे चढायचे, आपलं वजन तेवढंच निघालं की पडल्या चेहऱ्याने उतरायचे.

असं लेकरू दिसलं की लोक काय करतात, तुम्हीही पाहिलं असेल. एसटीत कुणीतरी सनाच्या हातात पेढा ठेवायचं, कुणी बिस्किटाचा पुडा. "देणाऱ्याचा हात मागं कसा सारावा, बेटी?" ते मला विचारायचे. मी सनाच्या कॅलिपरचे पट्टे बांधत राहायचे. घरात मात्र त्यांनी नानकटाई बंद केली होती. स्वतःही खात नसत. तिला नाही म्हणून आपण खायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

पुढे दोघांचं मिळून वजन वाढेनासं झालं. त्यांना गाडी गाठायची घाई. दर खेपेला सिस्टरांनी त्यांचं मागचंच वजन धरून वजाबाकी केली, सनाचं वजन तेवढंच निघालं. खुशीत बापाने सगळ्यांना खारी वाटली.

पण सनाच्या कॅलिपरचे पट्टे लागेनात. बापाची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती, बेल्टला नवं भोक पडलं होतं. मी ते कितीतरी खेपा पाहत होते.

ते उन्हाळ्यात गेले. पोटातला आजार कळायला उशीर झाला. सना आता आईबरोबर चाकाच्या खुर्चीत येते. काट्याकडे बघत नाही.

त्यांच्या शेवटच्या खेपेला ते सनाला घेऊन काट्यावरून उतरून निघालेच होते. मी पडदा सारला, हात पुढे केले आणि सनाला माझ्या कडेवर घेतलं. चांगलीच जड होती.

मग मी म्हणाले, "चाचा, आता तुम्ही एकटे उभे राहा."