न वाकणाऱ्या हाताचा नमस्कार

वरवंडच्या अनसूया मावशींचं नाव आधी लिहितो. हाताचं काय झालं ते मागाहून सांगेन, पण त्या भेटल्या नसत्या तर मी अजून तसाच घाबरून बसलो असतो.

मी माहूरकडचा. सातवीत शाळा सुटली, गवंडीकाम शिकलो आणि कामामागं शिरूरला आलो. संध्याकाळी व्हॉलीबॉल. अंग कधी बसून राहिलं नाही. काही वर्षांपूर्वी परांचीवरून पडलो तेव्हा उजव्या मनगटातलं बारीक हाड मोडलं, ते जुळलंच नाही आणि हळूहळू सांधा झिजला. सकाळी चहाचा कप उचलवेना. गोळ्या, पट्टे, इंजेक्शन, सगळं झालं. शेवटी दौंडच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कृत्रिम सांधा बसवला तर मनगट वाकेल, पण जड काम बंद. थोडी हाडं काढून थोडी जोडली तर निम्मं वाकेल, पण माझ्या कामानं दुखणं परत येऊ शकतं. पूर्ण सांधा जोडला तर दुखणं बहुतेक जाईल, ताकद राहील, पण मनगट पुन्हा वाकणार नाही. "घाई नाही, विचार करून सांगा," म्हणाले. पण थापीनं भिंतीवर सिमेंटचा माल मारायचा तो मनगटाच्या झटक्यावरच. झटका गेला तर मी गवंडी कसला? रोज एक ठरवायचो, रोज मोडायचो. आईला फोनवर मात्र सगळं बरं आहे म्हणायचो.

एका मंगळवारी कवठ्याला येमाईच्या देवळात गेलो. आमची रेणुका ती हीच, असं इथले लोक म्हणतात. परमुलखात तेवढाच आधार. पण मागायचं काय तेच कळेना. हात जोडले तशी मनगटातून कळ आली आणि तोंडातून "आई गं" निघालं. शेजारी एक बाई ओटी भरत होत्या, त्याच या अनसूया मावशी.

"देवीला हाक मारलीस का हात दुखला म्हनून वरडलास?"

"हात, मावशी. ऑपरेशन सांगितलंय. सांधा जोडला की वाकणार नाही म्हणतात."

त्या हसल्या आणि त्यांनी देवीला हात जोडले. बोटं वर नाहीत, सरळ देवीकडं रोखलेली. "माझाबी जोडल्याला हाय. आमचं मालक म्हंत्यात, नमस्कार करतीस का देवीला वाट दावतीस?"

"मग कामं?"

"धारा मीच काढती. समदं जमत न्हाई हां, खोटं कशाला बोलू? येणी घालाया लेकीला हाक मारावी लागती. पर दुखत न्हाई. तू असं कर, डाक्टरला मनगट घट्ट बांधून दे म्हण, वाकाय नगं. मलाबी आधी तसंच दिलतं. तसं काम करून बघ, मग ठरव. देवीला कोडं घालू नगंस."

डॉक्टरांना विचारलं. "जरूर करा," म्हणाले आणि टणक पट्टा बांधून दिला. पहिल्या दिवशी माल भिंतीवर कमी, माझ्या अंगावर जास्त. मिस्त्री म्हणाले, "आज तुलाच गिलावा!" पण हळूहळू झटका कोपरातून, खांद्यातून यायला लागला. विटेचं काम तर सहज जमलं. व्हॉलीबॉल मात्र पहिल्यासारखा राहणार नाही हे कळलं, आणि त्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून राहिलो.

पूर्ण सांधा जोडायचा, असा होकार द्यायला दौंडला निघालो तेव्हा वाटेत वरवंडला मावशींच्या घरी उतरलो. मावशी धार काढत होत्या. म्हणाल्या, "भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

"वाटू दे. मलाबी वाटलं हुतं."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. भीती गेलेली नाही. झोपताना मनगट वाकवून बघतो, अजून वाकतंय तोवर. देवीनं मावशींना पाठवलं की त्या आपल्या आपण आल्या, मला सांगता येत नाही. मला नीट मागताही आलं नव्हतं, तरी मिळालं. आता हात डॉक्टरांच्या हवाली, बाकी येमाईच्या.

आणि मावशी, हात कामाला लागला की तुमच्या गाईंसाठी पक्की गव्हाण बांधून देईन. उशीर लागेल, पण बांधीन मीच.