कांचनाची पानं

पावसाळा सरला की पाट्या रंगवायच्या, हा आबांचा नेम होता. आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरातल्या एका वनस्पती उद्यानात ते माळी होते. चार महिन्यांच्या पावसानं झाडांपुढच्या पत्र्याच्या पाट्या गंजायच्या, त्यांवरची नावं पुसट व्हायची. नवरात्राच्या सुमाराला ऊन तापू लागलं की आबा पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे डबे घेऊन निघायचे. आक्का पुढं होऊन फडक्यानं पाट्या पुसायची. मी डबे धरायची आणि फ्रॉकवर रंग सांडून घ्यायची. मग घरी जाईपर्यंत आक्का माझ्यापुढं चालायची, आबांना डाग दिसू नये म्हणून.

आई मी तीन वर्षांची असतानाच गेली. माझ्या वेण्या आक्कानं घातल्या, माझी भांडणं आक्कानं निस्तरली. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. चहाडी हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता.

लोक पावसाचं कौतुक करतात, पण आमच्याकडं पाऊस नको नको होईपर्यंत पडतो. मला आवडायचा तो आश्विन. बागेतलं गवत पिवळं पडू लागलेलं असायचं. बुचाची लांब देठांची पांढरी फुलं सकाळी वाटेवर पडलेली असायची आणि ती तुडवायला नको म्हणून आम्ही कडेकडेनं चालायचो. सप्तपर्णीचा उग्र वास संध्याकाळी डोक्यात जायचा. कांचन गुलाबी फुलांनी भरलेला असायचा. शाळा सहामाही परीक्षेनंतर बंद, त्यामुळं ती सगळी बाग आपलीच आहे असं वाटायचं. तेवढं सुख मला पुढं कुठल्याच बागेत मिळालं नाही.

कांचनाच्या शेजारीच आपटा होता. दोघांचीही पानं मधोमध दुभंगलेली, म्हणून लोक फसतात. आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरबरीत. कांचनाचं मोठं, पातळ आणि देखणं. दसऱ्याला सोनं म्हणून वाटायचं ते आपट्याचं, पण बाजारात निम्म्या टोपल्या कांचनानं भरलेल्या असतात. आबांना याचा भयंकर राग. कुणी आपट्याची फांदी ओरबाडू नये म्हणून दसऱ्याच्या दुपारी ते काठी घेऊन त्या झाडाखाली बसायचे. सगळं गाव सीमोल्लंघनाला, आणि आमचे आबा झाडाखाली! आलेल्या माणसाच्या हातात कांचन दिसला की गप्प बसणं त्यांना जमायचं नाही.

"पावणं, ह्यो कांचन हाय. आपटा न्हवं."

"पानच हाय की मामा," असं कुणी म्हणालं तर आबा आणखी चिडायचे. "मग उद्या तुमास्नी दुसऱ्याच्या नावानं हाक मारू का?"

आमचा खेळही त्यावरूनच निघाला होता. डोळे मिटून हात पुढं करायचा, आबा तळव्यावर पान ठेवणार आणि आपण ओळखायचं. मी निम्म्या वेळा चुकायची. आक्का पाच वर्षांची असल्यापासून एकदाही चुकली नव्हती, असं आबा भेटेल त्याला सांगायचे.

मी बारावीत असताना आक्कानं स्वतःच्या मनानं लग्न केलं. मुलगा कागलचा, कामाधंद्याचा, पण आमच्यातला नव्हता. आबांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी तिचं नाव घेणं बंद केलं, बस्स. झाडाझाडाला नाव देणाऱ्या माणसानं पोटच्या पोरीचं नाव टाकलं. मी एसटीडी बूथवरून तिला चोरून फोन करायची. ती पहिला प्रश्न विचारायची, "पाट्या रंगवल्या का गं?"

अशी तीन वर्षं गेली आणि मी बेत रचला. दसऱ्याला वैऱ्याचंसुद्धा सोनं नाकारत नाहीत. शिवाय त्या दुपारी आबा आपट्याखालून हलणार नाहीत. आक्कानं कागलहून एसटीनं यायचं, मी सोनं घेऊन फाटकाशी थांबायचं. तिनं आबांना सोनं द्यायचं, पाया पडायचं, झालं.

त्या दिवशी मी उशिरा उठले. न्हाणं, नवा ड्रेस, मैत्रिणीच्या घरी बासुंदी. शाहूपुरीच्या बाजारात पोचले तोवर आपटा संपलेला. एका टोपलीत कांचन होता, टवटवीत, मोठ्या पानांचा. विकणारी बाई म्हणाली, "सोनंच हाय, घे की पोरी!" मला कळत होतं. माळ्याची पोर मी, मला कळणार नाही? पण मनात म्हटलं, तीन वर्षांनी लेक समोर येणार, आबा काय पान बघत बसणार आहेत! पानं रुमालात गुंडाळली आणि निघाले.

फाटकाशी आक्का उभी होती. वाळली होती. रुमाल तिनं उघडूनसुद्धा बघितला नाही, तिचं सगळं लक्ष आत, आपट्याकडं. आम्ही गेलो. आबा तिला बघून उठले नाहीत, पण त्यांनी काठी बाजूला ठेवली. ते मला अजून दिसतं. त्यांनी काठी बाजूला ठेवली होती.

आक्कानं रुमाल तसाच त्यांच्या हातात रिकामा केला. आबांनी पानांवरून अंगठा फिरवला.

"ह्यो कांचन हाय," ते म्हणाले आणि पानं शेजारच्या दगडावर ठेवली.

आक्कानं पानांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली मान घालून चपलेनं माती उकरत राहिले. एवढंच म्हणायचं होतं, आबा, मी आणली. दोन शब्द! तेवढे तोंडातून फुटले नाहीत. आक्का वाकली, पाया पडली आणि परत फिरली. आबांचा हात तिच्या पाठीवर आला नाही.

स्टँडवर मी रडत होते, ती नाही. ती म्हणाली, "गप. पुढच्या वर्षी नीट बघून आण." एसटीत चढल्यावर खिडकीतून म्हणाली, "आबांना तेवढं सांग गं, मी मुद्दाम नाही आणलं म्हणून."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. आज आबा थकलेत, उद्या चिडलेत, परवा माझी परीक्षा. भित्र्याला निमित्तं काय, हवी तेवढी सापडतात. पुढचा दसरा येऊ दे, मीच खरा आपटा आणून दोघांसमोर कबूल करीन, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या श्रावणात आक्काला कावीळ झाली आणि आठ-दहा दिवसांत ती गेली. आबा कागलला आले, तिच्या उशाशी बसले. त्या आश्विनात त्यांनी मलाही बरोबर न घेता पाट्या एकट्यानं पुसल्या आणि एकट्यानं रंगवल्या. आता सांगून काय उपयोग, असं म्हणत मी आणखी आठ वर्षं काढली.

आबा निवृत्त झाले. त्यांचे गुडघे गेले, तरी आश्विनात त्यांना बाग हवी असायची. एकदा मी त्यांना रिक्षानं घेऊन गेले. पाट्या आता छापील आल्या होत्या, पावसानं न पुसणाऱ्या. कांचन नेहमीसारखा फुलला होता. आम्ही त्याच दगडावर बसलो.

"डोळं झाकून वळखायची ती," आबा एकाएकी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आनि मला कांचन आनून दिला. चुकून न्हवं, मुद्दाम. आबा, तुमची माया असलीच खोटी, असं सांगाय आलती ती. बराबरच हुतं तिचं."

म्हणजे आक्काला वाटलं, आबांनी आपलं सोनं नाकारलं. आणि आबांना वाटलं, लेकीनं आपल्या तोंडावर खोटं सोनं मारलं. आणि ते उरात घेऊन हा माणूस तिच्या उशाशी बसला होता.

"आबा, पानं मी आणली होती," मी म्हटलं. "आपटा संपला होता. तिला माहीतच नव्हतं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मग बोलली का न्हाय ती?"

"माझं नाव घ्यावं लागलं असतं."

"आनि तू?"

मी पुन्हा खाली मान घालून चपलेनं माती उकरू लागले.

आबा काठी टेकत उठले. कांचनाखाली गेले आणि त्यांनी हात वर करून एक पान तोडलं. उभ्या जन्मात बागेतलं एकही पान त्यांनी कुणाला तोडू दिलं नव्हतं. ते कपाळाला लावलं. "घेतलं गं पोरी," म्हणाले, आणि तिचं नाव घेतलं.

मी त्यांना आधार द्यायला पुढं झाले. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पान मुठीत धरून एकटेच फाटकाकडं चालू लागले. बुचाची फुलं वाटेवर पडली होती. आबा त्यांवरूनच चालत गेले.