वकिलीणबाईचा दुपारचा डबा

मधली भिंत इतकी पातळ, की धाकट्या जावेकडे फोडणी पडली तर ठसका मला लागायचा. त्या संध्याकाळचं भांडणही तसंच ऐकू आलं. लेकीला डॉक्टरकीला राखीव जागेवर घालायचं की नाही, यावरून नवराबायकोची जुंपली होती.

दीर म्हणाले, "लोक जन्मभर म्हणतील, ही मागच्या दारानं आली."

"म्हणू देत. आपल्या बापजाद्यांना पुढचं दार कुणी उघडलं होतं?"

जावेपुढे कोण टिकणार! दूधवाल्यानं माप जास्त घातलं, तरी "आज काय मिसळलंस रे?" म्हणून विचारणारी बाई. गल्लीत तिला वकिलीणबाईच म्हणत.

पोरगी लागली कॉलेजात. वर्ष उलटायच्या आत कुणीतरी त्या कॉलेजच्या राखीव जागांवर दावा लावला. एक कोर्ट म्हणालं, राखीव जागा बरोबर. वरचं म्हणालं, चूक. आता सगळ्यात वरचं काय म्हणतंय, पोरगी अर्ध्यातून घरी येते की काय, हा घोर लागला. मग वकिलीणबाईनं डबा सकाळी द्यायचं बंदच केलं. दुपारी स्वतः घेऊन जायची. फाटकावरच्या रखवालदाराला विचारायची, "माझी आत आहे ना?" वर्गाच्या खिडकीतून पोरीला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय परतायची नाही. शिपाई नुसता हसला, तरी हिला वाटायचं, याला काहीतरी कळलंय. तापातसुद्धा पोरीला घरी राहू दिलं नाही. म्हणे, "एक दिवस दिसली नाहीस, की निमित्तच मिळेल त्यांना."

शेवटी निकाल लागला. यापुढे तिथं राखीव जागा नाहीत, पण आत आहेत त्यांना हात लावायचा नाही.

"वहिनी, सुटलो!" दिरांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली.

"कसले सुटलो?" जाऊ मध्येच म्हणाली. " हात लावू नका असं सांगावं लागलं, म्हणजे कुणाचे तरी हात शिवशिवत होते. आणि यापुढे नाहीत, तर आपल्या मागून येणाऱ्या पोरींनी काय करायचं?"

"वहिनी, तुम्हीच सांगा आता हिला," दीर म्हणाले. मी तर चौथीत शाळा सोडलेली.

पोरगी डॉक्टर झाली, तिथंच शिकवायला लागली. डबा चालूच. ती चिडायची, "आई, आता मला कोण काढणार गं?"

"काढणारे सांगून येतात का?"

माझी जाऊ गेल्या महिन्यात गेली. आदल्या दुपारी कॉलेजच्या चढावर तिला धाप लागत होती, म्हणून मी सोबत होते. फाटकाशी थांबून तिनं विचारलं, "माझी आत आहे ना?"

रखवालदार नवा होता. "अहो आजी, मॅडम शिकवतात इथं."

"विचारलं तेवढं सांग."

"आहेत."

तरी ती खिडकीपर्यंत गेली, आत पाहिलं, शिपायानं पुढे केलेला हात बाजूला सारून डबा पोरीच्याच हातात दिला, आणि आम्ही दोघी उतार उतरायला लागलो.