रिकाम्या बांधाची शंका

मागच्या महिन्यात सानगडीजवळच्या आमच्या गावी, आमच्याच ओसरीवर, एक वेबसाइट ठरवायची बैठक बसली. बैठक म्हणजे माझी भाची प्राजक्ता, तिचा लॅपटॉप आणि मी. त्यातल्या भाचीवर माझा भरवसा होता… तोही अर्धा.

मी आमच्या तलावाच्या पाणी वापर संस्थेची सचिव आहे. उन्हाळी धानाला कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी सोडायचं, त्या पाळ्या मी लावते. प्राजक्ता नागपुरात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी मित्रमैत्रिणींसोबत अशा पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर बनवते. फुकट. कोणीही घ्या, वापरा, आतला कोड उघडून बघा, बदला…

फुकट म्हटलं की मी आधी दार लावून घेते. चहा ठेवायच्या आधीच तिला विचारलं, तुमचं पोट कशावर चालतं? आमची नावं कुठे जातात? उद्या तुम्ही सगळे लग्न करून पांगलात, तर हे बघायचं कोणी?

ती हसली नाही, हे बरं वाटलं. पण उत्तर द्यायचं सोडून मला वेबसाइटचा नवा आराखडा दाखवू लागली. वर तलावाचा मोठा फोटो, त्यात कमळं. खाली 'आमच्याविषयी', 'वैशिष्ट्ये', 'आमचं स्वप्न'… मी म्हटलं, पाण्याची काळजी घेऊन आलेला माणूस कमळं बघत बसेल का?

तिची अडचण खरी होती. लोक त्यांच्या जुन्या साइटवर येत आणि लगेच निघून जात. एकाही गावानं सॉफ्टवेअर घेतलेलं नव्हतं. या हंगामात एक तरी तलाव मिळाला नाही, तर बाकीचे काम सोडणार होते.

माझी अडचण वेगळी. मी होकार दिला की गाव म्हणणार, बाईनं भाचीचं आणलं. त्यात मागच्या उन्हाळ्यापासून एक कुजबुज होतीच, की सचिवबाईंच्या बांधीत पाणी जरा जास्त मुरतं. तोंडावर कोणी बोलत नव्हतं.

शेवटी मीच सुचवलं, साइटवर कोण येणार ते घरी बसून कशाला ठरवायचं, खरा माणूस बोलवू. आणि मुद्दाम देवाजीभाऊंना बोलावलं. त्यांची बांधी माझ्या खाली, त्याच पाटावर. कुजबुज तिथूनच निघाली असणार, असा मला दाट संशय…

प्राजक्तानं नमुना म्हणून मागच्या वर्षीच्या पाळ्या भरल्या होत्या. देवाजीभाऊंना म्हणाली, तुम्हाला हवं ते बघा, मी काही सांगणार नाही. तिला वाटलं, ते स्वतःचं नाव शोधतील. त्यांनी पहिलं नाव दाबलं ते माझं.

निवांत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे भरलं कोनं?"

"माझ्या नोंदीवरून भरलंय."

"मंग बाई, तुमचं पानी तुमीच मोजलं."

इथे आमच्या पाटावरची रीत सांगायला हवी. ज्याची पाळी पुढची, तो आधीच्याच्या बांधावर येऊन बसतो आणि पाणी वळवेपर्यंत हलत नाही. यात कोणी रागावत नाही, उलट तंबाखू पुढे करतात. मागच्या वर्षी माझ्या पाळीला देवाजीभाऊ मुलीच्या लग्नात गुंतले होते. बांध रिकामा राहिला… आणि रिकाम्या बांधावर कुजबुज येऊन बसली.

मी तेच ऐकवलं, जरा कडकपणेच. ते शांतपणे म्हणाले, "तुमी लबाडी केली असं मी नाही म्हनत. पाहाले कोनी नोहतं, येवढंच म्हनतो."

याला उत्तर प्राजक्तानं दिलं. म्हणाली, "आत्या, आम्ही कोड खुला ठेवतो तो यासाठीच. बांध मोकळा आहे. ज्याला शंका असेल, त्यानं येऊन बसावं."

आमच्या गावात कोड वाचता येतो कोणाला, मी विचारलं. ती म्हणाली, साकोलीच्या कॉलेजात येत असेल, त्यांना बसव. मी बसवलं. ओळखीच्या एका प्राध्यापिकेला वाचायला दिला… आणि त्यांचं बरोबर आहे का ते बघायला आणखी एकीला. नावं आमच्याच कॉम्प्युटरवर राहतात, असं दोघींनी वेगवेगळं सांगितलं. तेव्हा कुठे मी विषय संस्थेच्या बैठकीत ठेवला.

तोवर कमळं गेली होती. आता साइट उघडली की पहिली ओळ येते, 'तुम्हाला कशाची शंका आहे?' खाली माझे तिन्ही प्रश्न, सरळ उत्तरांसकट. 'आम्ही पांगलो तरी कोड तुमच्याजवळ राहील, पुढे कोणीही चालवू शकेल,' हेसुद्धा. आणि सॉफ्टवेअरमध्ये आता प्रत्येक पाळीपुढे बांधावर कोण बसलं होतं ते दिसतं. कोणी नसेल तर 'बांध रिकामा'.

बैठकीत भाचीचा विषय निघालाच. पण पहिला हात देवाजीभाऊंनी वर केला. "एक हंगाम लावून पाहू," म्हणाले, "बाईच्या पाळीले मी बसतो."

उद्या माझी पाळी आहे. बांधावर त्यांच्यासाठी पोतं टाकून आले. वर्षभर पाठीमागे फिरणारी शंका समोर येऊन बसणार, याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानतात, मला माहीत नाही… थर्मासमध्ये चहा मात्र दोघांपुरता नेणार आहे.