कलिहारीचा जवळून काढलेला फोटो

माझी मराठी घरात बोलण्यापुरती आहे. शाळा हिंदीत झाली आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा हे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. वाक्य कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे झालं ते मी अजून कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

बालाघाटला मी बी.एस्सी. करतो, विषय वनस्पतिशास्त्र. सकाळी कॉलेजच्या आधी बॉटनिकल गार्डनमध्ये फिरायला जायचो. मोबाइलवर चिमट्यानं लावायचं एक छोटं भिंग घेतलं होतं. त्यानं फूल अगदी जवळून टिपता येतं, पण पाकळी जराशी हलली तरी सगळं पुसट होतं. म्हणून वैनगंगेकडून वारा सुटायच्या आत पोचायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची आणि श्वास धरायचा.

फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकायचो. सगळ्यात खूश व्हायची ती आत्या. ती खैरलांजीकडं आमच्या गावातच राहते. तिला वाचता येत नाही. सून तिला फुलाचं नाव वाचून दाखवायची आणि ती फक्त मला, ग्रुपवर नाही, बोलून निरोप पाठवायची. "काहून रे बाबू, फुलात एवढं तोंड घालतं? एखांदी माशी चावन, मंग नाक सुजवून जाशीन कॉलेजात!"

भाद्रपदात कलिहारी फुलली. लाल-पिवळ्या पाकळ्या, कडा लहरी, सगळ्या वर उलटलेल्या. वेलीपाशी पाटी होती, 'औषधीय पौधा'. मी फोटोखाली तेच लिहिलं: 'कलिहारी, औषधी.' थोड्या वेळानं आत्याचा निरोप आला. मी तेव्हा दुसऱ्या फुलावर फोकस धरून होतो. नेहमीसारखी थट्टा असेल, असं समजून न ऐकताच अंगठा पाठवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. "आत्याले लय उलट्या-जुलाब होऊन राह्यले. गोंदियाले आणलं. काय खाल्लं त सांगत नाही."

तेव्हा मी तो निरोप ऐकला. "बाबू, हे फूल आपल्या वावराच्या धुऱ्यावर बी आहे. याचा कांदा उकडून खाल्ला त गुडघ्याले चालन का?"

त्याच्याखाली माझा अंगठा.

मी आमच्या मॅडमकडं धावलो. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "पूरी बेल ज़हरीली है, कंद सबसे ज़्यादा. डॉक्टर को नाम बताओ, अभी." मी पाटीचं सांगितलं. "औषधीय मतलब खाने लायक नहीं होता, बेटा." हे पहिल्या वर्षात शिकवलं होतं. मी वहीत उतरवलंही होतं.

बाबांना नाव सांगितलं.

"तुले कसं मालूम?"

"मी फोटो पाठवला होता." एवढंच बोललो.

मी येतो म्हणालो तर ते म्हणाले, "तू येऊन काय करशीन? आपली परीक्षा दे."

त्यानंतर ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. फोन केला की बाबा "आहे, आहे" म्हणून ठेवून द्यायचे. सकाळी पाय सवयीनं गार्डनकडं वळायचे. भिंग लावायचो आणि फोटो न काढताच परत काढून ठेवायचो. मग नुसता बाकावर बसून राहायचो. आत्याचा निरोप खोडून टाकावा असंही एकदा मनात आलं. लाज वाटली, आणि तरी बोट तिथंच थोडा वेळ राहिलं.

आत्याला गोंदियाला नेल्यापासून नवव्या दिवशी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो आणि बाबांचा फोन आला.

"सुट्टी भेटली आत्याले. घरी आणलं."

मी कॉलेजच्या पायरीवर बसलो.

"दोन वाट्या पेज खाल्ली आज. पण केस गळून राह्यले रे, मुठीमुठीनं. डॉक्टर म्हणते त्या विषानंच होते, येतीन परत. तिले विचारलं, कोणी सांगतलं होतं खायले? त म्हणे, कोणीच नाही. माह्याच मनानं खाल्लं."