तिसरी तार

पावसाळ्यात लग्नं नसायची, म्हणून आमच्या घरी जूनपासून दिवाळीपर्यंत चूल दिवसातून एकदाच पेटायची. बाबा नागपुरात बेंजो पार्टीत वाजवायचे. वऱ्हाड जेवून उठलं की वाजवणाऱ्यांना मांडवामागे वाढायचे, तेही उरलेलं. मी बेंजोच्या तारांवरच्या टाइपरायटरसारख्या बटणांना हात लावला की बाबा ओरडायचे, "त्याले हात नोको लावू. पुस्तक धर." मी पुस्तक धरलं. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मीच, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगतो.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीला नोकरीवर येताना मात्र न विचारता तो बेंजो बॅगेत घातला. बाबांचा उजवा हात लकव्यानं गेला होता. आता बेंजोची पेटी कोण उघडतंय, असं वाटलं.

इथं ऑफिसातला एक जण पंक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. नुसता आरडाओरडा, पण मला आवडला. एका रविवारी बेंजो घेऊन तालमीला गेलो.

"टाइपरायटर आणलास?" तो हसला. "गाण्यातून अर्ज करणार का?"

मी वरातीची चाल वाजवली. त्याचा ठेका आपोआप बदलला. बँडमधली गाणारी ओरडायची थांबली, गायला लागली. वर्षभरात आम्ही वाजवायचो त्या पबमध्ये उभं राहायला जागा मिळेना. लोक आम्हाला पंक म्हणेनासे झाले, न्यू वेव्ह म्हणू लागले, म्हणजे पंकच, पण सुरातलं.

बाबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ते खूश होतील की खचतील, तेच कळेना. आमची रेकॉर्ड निघायची ठरली, तिचं पहिलं गाणं टेप झालं तेव्हा त्यांना ऐकवायचा धीर केला. बहिणीनं फोन त्यांच्या कानाला लावला. मी गाणं शेवटपर्यंत ऐकवलं.

"पेटी रिकामी हाय, हे तू गेला त्याच दिवशी समजलं मले," बाबा म्हणाले. मग लगेच, "तिसरी तार सुरातून उतरली हाय. थंडीतून आणलं का असंच होते. आधी मांडीवर घे, ऊब लागू दे, मंग लाव."

"पुन्हा वाजवतो बाबा. शनिवारी ऐकवतो."

शुक्रवारी सकाळी बहिणीचा फोन आला. बाबा गेले होते.

नागपूरहून परतल्यावर बेंजो मांडीवर घेतला. लाकूड गार लागेनासं होईपर्यंत तसाच बसलो. मग तार लावली आणि रेकॉर्डसाठी गाणं पुन्हा वाजवलं.

आमची रेकॉर्ड आली. दुकानात न्यू वेव्हच्या खणात मिळते. तिच्यात बेंजो मी वाजवलाय, आणि तिसरी तार सुरात आहे.